शाळेच्या पैशाची गोष्ट : शेतसाऱ्याच्या एका आण्यापासून आपल्या पहिल्या प्रस्तावापर्यंत

आदरणीय गुरुजनहो आणि बावड्याच्या शाळेतील माझ्या मित्रमैत्रिणींनो,

स्मरणिकेसाठी आठवणी लिहिणारे पुष्कळ आहेत. पंधरा ऑगस्टची प्रभातफेरी, स्नेहसंमेलनातले फजित झालेले नाटक, गणिताच्या तासाला पोटात येणारा गोळा, हे सगळे कुणी ना कुणी लिहीलच. संपादक मंडळाने माझ्याकडे वेगळे काम सोपवले. आपल्या तुकडीच्या ग्रुपवर गेले वर्षभर एक विषय चालू आहे. गळीत हंगामात आपल्या शिवारात उतरणाऱ्या ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी संध्याकाळचा वर्ग सुरू करायचा. विषय निघाला की सगळे 'हो' म्हणतात. पैशाचे नाव निघाले की ग्रुप शांत होतो. मग कुणीतरी लिहिते, "अनुदान मिळवू, प्रस्ताव पाठवू." पण प्रस्ताव कुणाला, कधी आणि कसा लिहायचा, इथे गाडी अडते.

मी पुण्यात एका शैक्षणिक संस्थेच्या कचेरीत बावीस वर्षे प्रस्ताव लिहिण्याचे आणि हिशेब देण्याचे काम केले, म्हणून "बाई, आता तूच लिही" असा हुकूम झाला. नमुन्याचा कागद देऊन मोकळे होता आले असते. पण इतिहास हा माझा शाळेपासूनचा आवडता विषय. आपल्या मुलखात शाळेसाठी पैसा कसा मागितला गेला, कुणी दिला आणि कोणत्या अटीवर दिला, हे आधी पाहिले, तर प्रस्तावाच्या प्रत्येक रकान्यामागचे कारण आपोआप कळते. म्हणून हा लेख.

इंदापूरची मोजणी आणि एक आण्याची पट्टी

सुरुवात आपल्याच तालुक्यापासून करता येते, ही अभिमानाची गोष्ट आहे. पेशवाई गेल्यानंतर इंग्रजांनी शेतसारा नव्याने ठरवायला घेतला. १८३० च्या सुमारास प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने बसवलेला सारा इतका जड झाला, की लोक जमिनी पडीक टाकून गाव सोडून जाऊ लागले. तेव्हा गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी नव्याने मोजणी केली आणि १८३६ मध्ये तीस वर्षांसाठी सारा कायम केला. ही पद्धत पुढे सगळ्या मुंबई इलाख्यात पसरली. तिची पहिली साखळी पडली ती इंदापूर तालुक्यात.

शाळेचा आणि या मोजणीचा संबंध पुढे आला. १८६३-६४ च्या सुमारास मुंबई इलाख्यात शेतसाऱ्याच्या प्रत्येक रुपयावर एक आणा 'लोकल फंड' म्हणून जादा घेण्यास सुरुवात झाली, आणि १८६९ मध्ये त्याला कायद्याचे रूप आले. त्या आण्याचे दोन हिस्से रस्ते वगैरे कामांना आणि एक हिस्सा शाळांना. हिशेब करून पाहा. रुपयाचे सोळा आणे. ज्या शेतकऱ्याचा सारा ४८ रुपये, त्याने ३ रुपये पट्टी भरायची आणि त्यातला १ रुपया शाळेत जायचा. खेड्यापाड्यांतल्या कितीतरी मराठी शाळा या पैशावर उभ्या राहिल्या. म्हणजे सरकारी शाळा ही सरकारने खिशातून दिलेली देणगी नव्हती. ती कुणब्याच्या साऱ्यातून कापलेली होती.

हे अतिशय स्पष्टपणे बोलून दाखवले महात्मा फुल्यांनी. १८८२ मध्ये सरकारने नेमलेल्या हंटर आयोगापुढे त्यांनी निवेदन दिले. त्याच्यावर १९ ऑक्टोबर १८८२ ही तारीख आहे. सरकारी उत्पन्नाचा मोठा भाग रयतेच्या घामातून येतो, पण त्यातला शिक्षणाचा खर्च वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर होतो आणि रयतेची मुले शाळेबाहेर राहतात, असा त्यांचा मुद्दा होता. प्राथमिक शिक्षण निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत सक्तीचे करावे, अशी मागणीही त्यांनी त्यात केली. पैसा कुणाचा आणि शिकते कोण, हा प्रश्न तेव्हाचा आहे. आपल्या वर्गाच्या प्रस्तावातही तोच पहिला प्रश्न असणार आहे, हे पुढे दिसेलच.

आधी शाळा, मग अर्ज

फुल्यांचे हे निवेदन नुसते टीकेचे नव्हते. त्यामागे चौतीस वर्षांचा अनुभव होता. १८४८ मध्ये पुण्यात भिडे वाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली, तेव्हा अनुदान मागायला कुणी बसले नव्हते. मित्रांची वर्गणी, काही युरोपियनांची मदत आणि घरचा विरोध, एवढेच भांडवल होते. शाळा चालू लागल्यावर त्यांनी एक मोठी शहाणपणाची गोष्ट केली. मुलींच्या परीक्षा चारचौघांत, जाहीरपणे घेतल्या. ज्याला शंका असेल त्याने यावे आणि मुलगी वाचते की नाही ते स्वतः ऐकावे. १८५२ मध्ये सरकारने विश्रामबाग वाड्यात जोतीरावांचा सत्कार केला. पेशवाईपासून विद्वान ब्राह्मणांना वाटल्या जाणाऱ्या दक्षिणेचा काही भाग इंग्रजांनी शिक्षणाकडे वळवला होता. त्या दक्षिणा निधीतून या शाळांना मदतही मिळू लागली. क्रम लक्षात घ्या. आधी शाळा, मग सर्वांसमोर पुरावा, मग पैसा.

१८५४ मध्ये लंडनहून चार्ल्स वुडचा खलिता आला आणि खासगी शाळांना सरकारने अनुदान द्यावे, असे धोरण ठरले. आज आपण 'अनुदानित शाळा' म्हणतो, तिचे मूळ हे. त्या खलित्यातील अटी वाचल्या, की आजचा अर्जाचा नमुनाच समोर ठेवला आहे असे वाटते. शाळेचा कारभार जबाबदार स्थानिक मंडळींच्या हाती असावा. शिक्षण चांगल्या दर्जाचे असावे. सरकारी तपासणी मान्य असावी. आणि मुलांकडून थोडी का होईना फी घ्यावी, म्हणजे गावाचाही त्यात वाटा राहील. आज दात्याकडे जाणाऱ्या प्रस्तावात 'व्यवस्थापन समिती', 'गुणवत्ता', 'मूल्यमापन' आणि 'लोकवर्गणी' असे चार मथळे असतात. नावे बदलली, अटी त्याच आहेत.

महर्षी आणि कर्मवीर

पुढच्या काळात आपल्या बाजूला पैसा गोळा करण्याचे दोन मोठे धडे मिळाले.

पहिला महर्षी धोंडो केशव कर्व्यांचा. अनाथ बालिकाश्रम आणि महिला विद्यापीठ ही त्यांची कामे सर्वांना ठाऊक आहेत. १९२० मध्ये ठाकरसी कुटुंबाने विद्यापीठाला १५ लाख रुपये दिले, हेही पुष्कळांना माहीत असते. मला मात्र त्यांचे १९३६ चे काम जास्त जवळचे वाटते. वयाच्या ७८ व्या वर्षी, ज्या खेड्यात जिल्हा लोकल बोर्डाची शाळा नाही तिथे शाळा काढण्यासाठी त्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ स्थापन केले आणि त्यासाठी पुण्यात दारोदार लहान लहान वर्गण्या गोळा केल्या. लाखांची देणगी पाहिलेला माणूस खेड्यातल्या एका शिक्षकाच्या पगारासाठी आण्या-रुपयांची पावती फाडत होता. आणि मंडळाचे काम नेमके ठरलेले होते : जिथे शाळा आधीच आहे तिथे नाही, जिथे नाही तिथेच.

दुसरा धडा कर्मवीर भाऊराव पाटलांचा. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाड तालुक्यातील काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन झाली आणि १९२४ मध्ये साताऱ्याला वसतिगृह सुरू झाले. सर्व जातींची मुले एका पंगतीत जेवायची. दाणा संपला तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रसुद्धा मोडले, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. घराघरातून मूठ-मूठ धान्य जमवणारा मुष्टिफंड, आणि शिकता शिकता श्रम करण्याची पद्धत, यांवर संस्था तगली. १९३८ नंतर मुंबई सरकारने खेड्यांत 'व्हॉलंटरी' शाळांना अनुदान देण्याचे ठरवले, तेव्हा रयतची माणसे आणि गावोगावच्या ओळखी तयार होत्या. म्हणून पाहता पाहता पाचशेहून अधिक शाळा उघडता आल्या. आणि १९४८ च्या सुमारास सरकारशी मतभेद होऊन अनुदान काही काळ थांबले, तरी संस्था कोसळली नाही. गावांनी ती पाठीवर घेतली.

या दोघांच्या कामातून मी एक गोष्ट घेतली. अनुदान मिळाल्याने काम वाढते, पण अनुदानातून काम जन्माला येत नाही. जन्म द्यायला स्वतःची चार माणसे आणि स्वतःचे चार पैसे लागतात.

उसाचा पैसा आणि कोपीतली पोरे

१८८५ च्या नीरा डाव्या कालव्याने बारामती आणि इंदापूरच्या कोरड्या पट्ट्यात पाणी आणले. पाण्यामागून ऊस आला, उसामागून सहकारी साखर कारखाने आले. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरचे शिक्षण उसाच्या बिलावर झाले. १९६० च्या आसपास, यशवंतराव चव्हाणांच्या काळात, कमी उत्पन्नाच्या कुटुंबांतील मुलांना फी माफीची ई.बी.सी. सवलत सुरू झाली आणि गरीब शेतकऱ्यांची पोरे कॉलेजची पायरी चढली. पश्चिम महाराष्ट्रात कितीतरी ठिकाणी ऊसबिलातून टनामागे काही रक्कम शिक्षणासाठी कापली गेली आणि त्यातून शाळा-महाविद्यालयांच्या इमारती उठल्या. एका अर्थाने ती एक आण्याची पट्टीच नव्या रूपात आली. फरक इतका, की या वेळी पैसे भरणाऱ्याच्या मुलांना शाळा मिळाली.

पण सगळ्यांच्या नाही. ऊस कारखान्याला जातो तो आपोआप जात नाही. दिवाळी झाली की बीड, नगर आणि इतर दुष्काळी भागांतून टोळ्या येतात. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता. मुकादमाकडून आधीच उचल घेतलेली. फडाच्या कडेला कोप्या पडतात, आणि पाच महिने शाळकरी पोर लहान भावंड सांभाळते, वाढे गोळा करते, पाण्याला जाते. टनामागच्या पैशातून आपण शिकलो. तो टन ज्यांनी तोडला, मोळी बांधली आणि डोक्यावरून गाडीत चढवली, त्यांची मुले मात्र आपल्या शाळेच्या कुंपणाबाहेरून रस्त्याने जात राहिली. फुल्यांनी १८८२ मध्ये विचारलेला प्रश्न आज आपल्याला लागू होतो. तेव्हा आपण मागणाऱ्यांच्या बाजूला होतो. आज आपण दुसऱ्या बाजूला उभे आहोत. म्हणून हा वर्ग म्हणजे दानधर्म नाही, थकलेले देणे आहे, असे माझे मत आहे. प्रस्तावाची पहिली ओळ याच भावनेने लिहावी.

या मुलांसाठी आधी कुणी काही केले नाही असे समजू नका. २००० नंतरच्या दशकात औरंगाबादच्या 'जनार्थ' संस्थेने कारखाने आणि शासन यांना बरोबर घेऊन पश्चिम महाराष्ट्रात साखरशाळा चालवल्या. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि भर बदलला. मुलाला वेगळ्या शाळेत न बसवता जवळच्या नियमित शाळेत दाखल करावे, किंवा ते मूळ गावीच राहावे म्हणून तिथे हंगामी वसतिगृह काढावे, असे धोरण आले. स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळेल हे पाहणे ही या कायद्याने स्थानिक प्राधिकरणाची जबाबदारी केली आहे.

आपल्याला याचा अर्थ नीट समजला पाहिजे. दिवसाच्या शाळेला पर्याय म्हणून वर्ग काढला, तर कोणताही जाणकार दाता पहिल्याच पानावर थांबेल आणि ते योग्यच होईल. मूल दिवसा जिल्हा परिषदेच्या शाळेच्या पटावर हवे. आपला वर्ग संध्याकाळचा, राहिलेले वाचन-गणित भरून काढणारा. पुण्याच्या भारतीय शिक्षण संस्थेत जे. पी. नाईक आणि चित्राताई नाईक यांनी १९७९ पासून आपल्याच जिल्ह्यातील खेड्यांत काम करणाऱ्या मुलांसाठी संध्याकाळचे वर्ग चालवले. मुलांचे काम संपल्यावर, गावाला सोयीच्या वेळी वर्ग भरे, आणि मुले काय शिकली हे गावाला दाखवण्यासाठी बालजत्रा भरवली जाई. फुल्यांच्या जाहीर परीक्षेचीच ही परंपरा. आपल्याला नवे काही शोधायचे नाही.

पहिला प्रस्ताव : कुठून सुरुवात करायची

आता कामाचे बोलते. प्रस्तावाची सुरुवात कागदावर होत नाही, फडावर होते. येत्या हंगामात टोळ्या उतरल्या की पहिल्या पंधरवड्यात वही घेऊन प्रत्येक कोपीवर जायचे. मुलाचे नाव, वय, मूळ गाव, तिथल्या शाळेत कोणत्या इयत्तेत नाव आहे, इथे दाखल झाले का, एवढे लिहून घ्यायचे. मग प्रत्येकाचे वाचन पाहायचे. 'प्रथम' संस्था २००५ पासून 'असर' पाहणीत जी सोपी पद्धत वापरते, ती आपल्याला पुरे. मूल अक्षर ओळखते का, शब्द वाचते का, सोपा परिच्छेद वाचते का, दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचते का. प्रत्येकापुढे एक खूण. "या भागात अनेक मुले शिक्षणापासून वंचित आहेत" असे वाक्य मी हजारो प्रस्तावांत वाचले आहे आणि त्याने कुणाचेही मन हललेले पाहिले नाही. "अमुक पाच टोळ्यांत इतकी मुले, त्यांपैकी इतक्यांना शब्द वाचता येत नाही" हे वाक्य वाचणाऱ्याला थांबवते. तो आकडा आपण स्वतः मोजलेला असला पाहिजे.

दुसरी गोष्ट अंदाजपत्रक. प्रस्ताव वाचणारा माणूस बहुधा शेवटचे पान आधी उघडतो. समजा, मुले ४०, शिकवणाऱ्या ताई २, हंगाम ५ महिने. दोघींचे मानधन दरमहा ६,००० प्रमाणे ६०,००० रुपये. खाऊ रोज मुलामागे १० रुपये, ११० दिवसांचे ४४,०००. वह्या-पाट्या-पुस्तके मुलामागे ३०० प्रमाणे १२,०००. सतरंज्या आणि दिवे ९,०००. प्रवास आणि हिशेब तपासणी ५,०००. एकूण १,३०,००० रुपये, म्हणजे मुलामागे ३,२५०. हे आकडे मी उदाहरणादाखल धरले आहेत, खरे दर आपण बाजारात विचारून घालू. आपण साठ जणांनी ५०० रुपये काढले तर ३०,००० जमतात आणि मागायचे राहतात एक लाख. ते ३०,००० अंदाजपत्रकात 'संस्थेचा वाटा' म्हणून दिसले, की बाकीच्या लाखाला वजन येते. वुडच्या खलित्यातली फीची अट आठवा.

तिसरी गोष्ट वेळ. सरकारचे आणि बहुतेक दात्यांचे वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च. टोळ्यांचे वर्ष दिवाळी ते गुढीपाडवा. ही दोन पंचांगे जुळवली नाहीत तर घात होतो. माझ्या नोकरीत एकदा एका दात्याने प्रस्ताव तत्परतेने मंजूर केला, पण रक्कम आमच्या खात्यात आली मार्च अखेरीस. तोवर कारखान्याचा पट्टा पडला होता, कोप्या मोडल्या होत्या आणि ज्यांच्यासाठी पैसा आला ती मुले आपापल्या गावी पोचली होती. म्हणून आपला प्रस्ताव जून-जुलैमध्येच गेला पाहिजे, आणि पैसे ऑक्टोबरपूर्वी का हवेत, याचे कारण त्यातच लिहिले पाहिजे.

चौथी गोष्ट, मागायचे कुणाकडे. दोन-तीन वाटा आहेत.

गावच्या जिल्हा परिषद शाळेची व्यवस्थापन समिती ही पहिली. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. समितीने शाळा विकास आराखडा करायचा आणि शासनाच्या अनुदानाला तो आधार धरायचा, असे कायद्यातच आहे. आपल्यापैकी जे गावात आहेत त्यांनी या समितीच्या बैठकीत स्थलांतरित मुलांचा विषय आराखड्यात घ्यायला लावला, तर त्यात एक रुपयाही खर्च नाही.

दुसरी वाट कंपन्यांच्या सी.एस.आर. निधीची. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार, ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा त्याहून अधिक आहे, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे असतात. शिक्षण त्यात येते, आणि ज्या भागात कंपनी काम करते त्याला प्राधान्य द्यावे असेही कायदा सांगतो. बारामती आणि लोणी देवकर इथल्या औद्योगिक वसाहती आपल्याला दूर नाहीत. पण इथे एक अट आहे आणि ती आजच नीट ऐका. कंपनीने स्वतः काढलेली नाही अशा संस्थेला हा पैसा घ्यायचा, तर तिची रीतसर नोंदणी, आयकराची १२-अ आणि ८०-जी ही प्रमाणपत्रे, कंपनी व्यवहार मंत्रालयाकडील सी.एस.आर.-१ नोंदणी, आणि अशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो. आज नवी संस्था काढली तर हा दरवाजा लगेच उघडत नाही.

तिसरी वाट वाचनालयाची. महाराष्ट्रात १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मान्यताप्राप्त ग्रंथालयांना अ, ब, क, ड वर्गांप्रमाणे अनुदान मिळते. एखादे मान्यताप्राप्त वाचनालय आपल्या वर्गाला बालविभागाची पुस्तके फिरत्या पेटीतून देऊ शकेल. पैसा मागण्यापेक्षा वस्तू मागणे कधीकधी सोपे असते.

मेळाव्यात ठरवायचे ते

यावरून आपल्यापुढे एक खरा निर्णय उरतो. काही मित्रांचे म्हणणे, आपल्या तुकडीच्या नावाने स्वतंत्र संस्था काढावी. सात जण असले की १८६० च्या कायद्याखाली संस्था नोंदवता येते आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे तिची नोंद होते. हौस समजते. पण नोंदणीनंतर दरवर्षी सभा, ठराव, हिशेब तपासणी, आयकराचे विवरण हे सगळे वर्षानुवर्षे कुणीतरी करावे लागते. पहिल्या वर्षीचा उत्साह ओसरला, की ते दप्तर एकाच्याच डोक्यावर येते. ते डोके कुणाचे, हे आधी ठरत असेल तरच संस्था काढा.

माझी सूचना अशी. पहिला हंगाम आपल्या वर्गणीवर, एकाच ठिकाणी, वीस मुलांवर चालवावा. रोजची हजेरी, सुरुवातीचे आणि शेवटचे वाचन, प्रत्येक खर्चाची पावती, एवढी तीन दप्तरे न चुकता ठेवावीत. पट्टा पडायच्या आठ दिवस आधी लहानशी बालजत्रा भरवून सरपंच, मुख्याध्यापक, कारखान्याचे शेतकी अधिकारी, मुकादम आणि मुलांचे आईबाप यांना बोलवावे आणि मुलांना त्यांच्यासमोर वाचायला लावावे. परत जाताना प्रत्येक मुलाच्या हातात, ते इथे काय शिकले याचे एक पान त्याच्या गावच्या गुरुजींसाठी द्यावे. मग जूनमध्ये, हे सगळे जोडून, तीन वर्षांहून जुन्या आणि स्वच्छ हिशेबाच्या एखाद्या नोंदणीकृत संस्थेच्या नावाने पहिला प्रस्ताव पाठवावा. त्या संस्थेशी आधी लेखी बोलणे करावे : पैसा कुणाच्या खात्यात, सही कुणाची, हिशेब कोण देणार. तीन वर्षांनी आपल्याला स्वतंत्र व्हावेसे वाटले तर तेव्हाचे तेव्हा पाहू.

मसुदा मी लिहून देते. इंग्रजी प्रत लागली तर आपल्यातले जे कंपन्यांत आहेत त्यांनी करावी. हिशेब बँकेतल्या मंडळींनी घ्यावा. पण कोप्यांवर जाऊन मुले मोजण्याचे काम गावात राहणाऱ्यांचेच आहे, ते पुण्या-मुंबईहून होणार नाही. गुरुजनांना एक विनंती आहे. आपल्यापैकी जे निवृत्त झाले आहेत त्यांनी आठवड्यातून एक संध्याकाळ त्या ताईंच्या शेजारी बसावे. आम्हाला वाचायला तुम्हीच शिकवले. तो हात अजून कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

मेळाव्याच्या दिवशी जेवणानंतर अर्धा तास या विषयासाठी ठेवावा, असे मी संयोजकांना कळवले आहे. मी येताना दोन कोऱ्या वह्या आणि एक पावती पुस्तक आणणार आहे. पहिल्या वहीत कुणी कोणते काम घेतले ते लिहू. दुसरी वही मुलांच्या नावांसाठी. ती दिवाळीनंतर भरायची आहे, आणि ती भरल्याशिवाय प्रस्तावाचा पहिला शब्द लिहायचा नाही, एवढे आताच ठरवून टाकू.